सापाच्या पिल्लाचे घर

मागल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो उधन्याला राहतो आणि साड्यांच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. घराणे मूळचे नंदुरबारकडचे. खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी एक. शाळेत असताना हा मुलगा मधल्या सुटीत डबा खाण्याऐवजी कुंपणाच्या भिंतीवरचे सरडे पाहत उभा राही, हे मला चांगले आठवत होते. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत लोणच्याची रिकामी बरणी होती, आणि बरणीच्या झाकणाला दाभणाने पाडलेली भोके होती. ती बरणी माझ्या टेबलावर अलगद ठेवून तो म्हणाला, "सर, ह्याला केवढी पेटी लागेल तेवढे सांगा. बाकीचे मी सगळे करतो."

बरणीत वीतभर लांबीचे, करंगळीएवढ्या जाडीचे, तांबूस रंगाचे सापाचे पिल्लू वेटोळे करून पडले होते. "परदेशी बोआचे पिल्लू आहे, सर. विकणाऱ्याने तसे सांगितले आहे. कागदपत्रे मागाहून मिळणार आहेत."

श्रोतेहो, त्या दिवशी सुरू झालेली ही पेटीची गोष्ट पुढे वर्षभर चालली. मी शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवतो, सर्पतज्ज्ञ नव्हे. परंतु त्या मुलाच्या निमित्ताने मला जे वाचावे, विचारावे आणि पाहावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडावे असे वाटते. कारण साप पाळण्याची हौस आता शहरांतून वाढू लागली आहे, आणि ज्यांना ती लागते त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : पेटी केवढी?

बरणीतला पाहुणा

त्या पिल्लाकडे मी नीट पाहिले, तेव्हा मला शंका आली. त्याची शेपटी निमुळती नव्हती. ती तोंडासारखीच बोथट होती, आणि तिच्यावर गडद रंगाची कडी होती. डोळे अगदी बारीक. अंग गुळगुळीत आणि चकचकीत. सापांची माहिती असलेल्या एका स्नेह्याला बोलावले. त्याने बरणी उचलून प्रकाशात धरली आणि एका शब्दात निकाल दिला : "मांडूळ."

मांडूळ हा आपल्याकडचाच साप. गुजरातीत त्याला 'आंधळी चाकण' म्हणतात, आणि आपल्याकडे कोणी 'दुतोंड्या'ही म्हणतात. त्याला दोन तोंडे नसतात, हे सांगावयास नको. शत्रू जवळ आला की तो डोके वेटोळ्यांखाली दडवतो आणि तोंडासारखी दिसणारी शेपटी पुढे करतो. घाव पडलाच तर तो शेपटीवर पडावा, हा त्याचा हिशेब. ज्या कड्यांवरून माझ्या स्नेह्याने पिल्लू ओळखले, ती लहानपणी ठळक असतात आणि वय वाढेल तशी पुसट होतात.

आता, विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खोटी होती असेही नाही, आणि तेथेच तिची खरी फसवणूक आहे. मांडूळ हा बोआच्याच गोत्रातला. इंग्रजीत त्याला वाळूतला बोआ म्हणतात. आपल्या देशात ह्या गोत्राचे तीन साप आहेत. एक मांडूळ, दुसरा डुरक्या घोणस, ज्याच्या अंगावरचे ठिपके विषारी घोणशीसारखे असल्यामुळे तो बिचारा फुकट मारला जातो, आणि तिसरा पश्चिम किनाऱ्यावर आढळणारा व्हिटेकरचा बोआ, ज्याला १९९१ साली इंद्रनील दास ह्यांनी सर्पसंशोधक रोम्युलस व्हिटेकर ह्यांचे नाव दिले. तिघेही बिनविषारी. मांडुळाचे शास्त्रीय नाव आहे 'एरिक्स जॉनाय'. त्यातले जॉन म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे राहून गेलेले ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन नावाचे मिशनरी. १८०१ साली पॅट्रिक रसेल ह्या वैद्याने ह्या सापाचे वर्णन करताना त्यांचे नाव त्याला दिले. म्हणजे शेतातल्या बांधाखाली राहणारा हा साधा प्राणी दोन शतकांहून अधिक काळ शास्त्राच्या दप्तरी नोंदलेला आहे.

परंतु बाजाराच्या दप्तरी त्याची नोंद वेगळ्याच कारणासाठी झाली. मांडूळ घरात असला की पैसा येतो, गुप्तधन सापडते, तो अमुक वजनाचा असला की कोट्यवधींना विकला जातो, अशा वावड्या उठवून त्याचा चोरटा व्यापार चालतो. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटीच्या भारतीय शाखेने २०१६ ते २०२१ ह्या काळातली मांडूळ पकडल्याची प्रकरणे एकत्र केली, तेव्हा ती १७२ भरली. आणि त्यांपैकी सर्वांत अधिक, ५९, महाराष्ट्रातील होती. ही झाली पकडली गेलेली प्रकरणे. मराठी माणसाने ह्या आकड्याकडे पाहून मान खाली घालावी, असेच ते आहे. ज्या प्राण्याने पैसा द्यावा अशी आपण अपेक्षा करतो, तो प्रत्यक्षात शेतातले उंदीर खाऊन दाण्यांच्या रूपाने पैसा देतच असतो. मात्र त्यासाठी त्याला शेतातच राहावे लागते.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडुळाला संरक्षण आहे. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे आणि विकत घेणे, सर्वच गुन्हा. माझ्या विद्यार्थ्याच्या काकांचे गाव नवापूरच्या पुढे आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत, हे तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या त्या गाडीच्या प्रत्येक उतारूला ठाऊक असते. पण फलाटावरच्या त्या रेघेमुळे कायदा बदलत नाही. बरणी अलीकडे असो वा पलीकडे, ती बाळगणारा दोषीच.

हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. तो पैशाच्या लोभाने आलेला नव्हता. उलट पदरचे काही हजार रुपये घालून बसला होता. "सर, मी त्याला काही त्रास देणार नव्हतो," तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, ते मला ठाऊक आहे. पण तुझ्या चांगुलपणाने त्याला माती मिळणार आहे का?" त्याच दिवशी आम्ही वनखात्याशी संपर्क साधला. मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने घडलेली हकिगत जबाबात लिहून दिली, पंचनामा झाला, आणि बरणी तेथेच ठेवून आम्ही परतलो. येताना सबंध वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

त्याचा दुसरा प्रश्न

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. "सर, मांडूळ नको. पण कागदपत्रांचा, कायद्याने चालणारा परदेशी बोआ घेतला, तर?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. परदेशी बोआ म्हणजे 'बोआ कन्स्ट्रिक्टर' आणि त्याचे जवळचे भाईबंद. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या अरण्यांत आणि माळांवर राहणारे हे साप. १७५८ साली लिनियसने त्याला दिलेले शास्त्रीय नाव हेच लोकांच्या तोंडचेही नाव झाले, असे भाग्य फार थोड्या प्राण्यांना लाभले आहे. ह्या सापांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' ह्या कराराचे नियंत्रण आहे, आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ह्या करारातल्या परदेशी प्राण्यांनाही आपल्या वन्यजीव कायद्यात स्थान मिळाले, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असणाऱ्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' ह्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. प्राणी मेला, त्याला पिल्ले झाली किंवा तो दुसऱ्याच्या हाती गेला, तर तेही कळवावे लागते. म्हणून 'कागद मागाहून मिळतील' असे जो म्हणतो, त्याच्याशी तेथेच बोलणे थांबवावे. कागद आधी, साप नंतर.

आणि कागदाच्याही आधी पेटी. मी त्याला एक अट घातली : "पेटी तयार कर, पण वर्षभर ती रिकामी ठेव. तिच्यात साप आहे असे समजून रोज तिची व्यवस्था पाहा आणि वहीत लिहून ठेव. वर्षाच्या शेवटी आपण वही वाचू." त्याने ती अट मान्य केली. ती का घातली, हे समजण्यासाठी सापाच्या पिल्लाला घरात नेमके काय लागते ते पाहिले पाहिजे.

उष्णतेची दोन टोके

आपण आपल्या अंगची ऊब अन्नातून निर्माण करतो. साप तसे करू शकत नाही. त्याचे शरीर भोवतालच्या हवेइतके तापते आणि तितकेच निवते. अरण्यात तो ह्यावर सोपा उपाय करतो : थंडी वाजली की उन्हात येतो, उकडले की सावलीत जातो. पोटात भक्ष्य असले म्हणजे त्याला ऊब अधिक लागते, कारण ऊब नसेल तर अन्न पचत नाही. ते पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. लहान पिल्लाला असे दोनचार वेळा झाले तर ते जगत नाही.

तेव्हा चांगल्या पेटीचे पहिले लक्षण हे की तिला दोन टोके असावीत. एक उबदार, एक थंड. बोआच्या पिल्लासाठी उबदार टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश तापमान असावे. रात्री ते २४ च्या फारसे खाली जाऊ नये. कोठे जाऊन बसायचे हे सापाने ठरवावे. आपण फक्त दोन्ही पर्याय कायम उपलब्ध ठेवावयाचे. ऊब देण्यासाठी विजेची चटई किंवा प्रकाश न देणारा चिनी मातीचा दिवा वापरतात. दोहोंनाही थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज आपोआप बंद करणारे साधन, जोडलेले असलेच पाहिजे. दिव्याभोवती जाळी हवी, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. बाजारात मिळणारे विजेचे तापते दगड मात्र वापरू नयेत. पोट भाजत असतानाही साप कित्येकदा जागा सोडत नाही, आणि त्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत.

तापमान हाताने चाचपून कळत नाही. पेटीच्या दोन्ही टोकांना, सापाच्या अंगाच्या पातळीवर, एकेक तापमापक हवा. भिंतीवर उंच लावलेला तापमापक भिंतीचे तापमान सांगतो, सापाचे नव्हे.

दडण, पाणी आणि ओल

पेटीचे दुसरे लक्षण दडण्याची जागा. येथे हौशी माणसाची समजूत आणि सापाची गरज परस्परविरुद्ध असतात. आपल्याला साप दिसावा असे वाटते. सापाला आपण कोणालाही दिसू नये असे वाटते. पिल्लाला तर जगात शत्रूच शत्रू. घार, मुंगूस, मांजर, मोठा साप, सर्वांचे ते भक्ष्य. म्हणून उघड्या, मोठ्या, काचेच्या महालात पिल्लू ठेवले तर ते भेदरते, खाणे सोडते आणि तोंड आपटत फिरते. त्याला दोन लहान दडणे द्यावीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच दिले तर त्याला ऊब आणि सुरक्षितता ह्यांतून निवड करावी लागते. दडण असे असावे की वेटोळे घातल्यावर अंगाला चारी बाजूंनी भिंत लागावी. त्यासाठी महाग वस्तू लागत नाही. कडेला दार कोरलेली, धार घासून काढलेली मातीची पालथी कुंडी पुरे.

पेटीच्या आकाराचे उत्तर ह्यातूनच मिळते. जन्मतः बोआचे पिल्लू साधारण दीड फुटाचे असते. त्याला दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच पेटी सुरुवातीला पुरते, कारण तेवढ्यात त्याला अंग सरळ ताणता येते. ही पिल्ले झाडावरही चढतात. म्हणून अंगठ्याएवढी जाड, घट्ट बसवलेली एक फांदी आडवी द्यावी. तळाशी साधा कोरा कागद किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा घालावा. देवदाराचा भुसा घालू नये, त्याच्या तेलाचा सापाला अपाय होतो. एका पेटीत एकच पिल्लू ठेवावे. दोन ठेवली तर कोण खाते, कोण ओकते, कोण आजारी आहे, काहीच कळत नाही.

तिसरे लक्षण पाणी आणि ओल. उलटणार नाही असे जड भांडे, साप वेटोळे करून बसेल एवढे, आणि पाणी रोज बदललेले. साप दूध पीत नाही, हे नागपंचमीच्या निमित्ताने आपण वर्षानुवर्षे ऐकतो, तरी पुन्हा सांगणे बरे. पेटीतल्या हवेची आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असावी. हवा कोरडी असली तर कात अखंड निघत नाही. तिचे तुकडे अंगाला, विशेषतः डोळ्यांवर आणि शेपटीच्या टोकावर, चिकटून राहतात. हवा फार ओली आणि कोंदट असली तर पोटाखाली फोड येतात, छातीचे विकार होतात. म्हणजे ओल हवी, पण वारा खेळता हवा. डोळे दुधाळ, निळसर झाले की समजावे, कात टाकण्याचे दिवस आले. त्या दिवसांत त्याला हात लावू नये आणि खायला घालू नये.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा एक उंदीर, दहा ते चौदा दिवसांतून एकदा, आणि तोही आधीच मारलेला. जिवंत उंदीर कोंडून दिला तर तो घाबरून सापालाच चावतो. खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला उचलू नये. नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिला आठवडा हातच लावू नये. घर त्याच्या ओळखीचे होऊ द्यावे. आणि सापाला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर हा नियम अधिकच कडक पाळावा.

रिकाम्या पेटीची वही

आता त्या वहीकडे वळतो. मुलाने उधन्यातल्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करवून घेतली. पुढे सरकती काच, दोन बाजूंना जाळी. आत कुंड्या, पाणी, फांदी, दोन तापमापक, एक आर्द्रतामापक. पेटी त्याने माळ्यावर ठेवली, कारण घरात तेवढीच जागा मोकळी होती. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री १० वाजता तो नोंद करी.

पहिली महत्त्वाची नोंद एप्रिलमधली. दुपारी ३ वाजता, ऊब देणारा दिवा बंद असताना, पेटीच्या थंड टोकाला ४१ अंश. माळ्यावर पत्र्याचे छप्पर होते. त्या दिवशी पेटीत पिल्लू असते तर संध्याकाळी ते मेलेलेच सापडले असते. सापांच्या घरांविषयी जी पुस्तके आहेत, ती बहुतेक थंड मुलुखातल्या माणसांनी लिहिलेली. त्यांची चिंता ऊब कशी द्यावी ही. सुरतेत उन्हाळ्यातली चिंता नेमकी उलटी : थंड टोक थंड कसे ठेवावे?

त्याने पेटी खाली, आतल्या खोलीत आणली. तेथे दुपारी ३३ अंश. बरे, पण अजून पुरेसे नाही. पण ह्याच खोलीत त्याला दुसरी गोष्ट दिसली. भांड्यातल्या पाण्यावर सतत बारीक तरंग उठत होते. भिंतीला लागून शेजारचे यंत्रमाग होते, आणि ते दिवसरात्र चालतात. घरच्यांच्या कानांना त्या आवाजाची सवय झाली होती, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नव्हते. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतला हादरा त्याच्या जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोहोचतो. आपल्या दृष्टीने ज्या खोलीत शांतता आहे, तेथे त्या पिल्लाला शत्रूच्या पावलांची चाहूल अष्टौप्रहर लागत राहिली असती. त्याने पेटी समोरच्या भिंतीशी नेली, खाली जाड रबराचे तुकडे घातले, आणि पाण्याकडे पाहत बसला. तरंग कमी झाले. नाहीसे झाले नाहीत.

जुलैमध्ये आर्द्रता ८५ च्या वर राहू लागली आणि तळाच्या कागदाला तीन दिवसांत बुरशी धरली. त्याने जाळीची भोके वाढवली. मग सरकत्या काचेच्या फटीतून शिसपेन्सिल सहज आरपार जाते, असे ध्यानात आले. जेथून पेन्सिल जाते तेथून पिल्लाचे डोके जाते, आणि डोके गेले की सबंध साप जातो. त्याने फट बुजवली आणि कुलूप लावले. डिसेंबरात एका पहाटे वीज गेली, आणि सकाळी ७ ला उबदार टोकाची नोंद १७ अंश होती.

ह्यांतली एकही चूक मुलाच्या निष्काळजीपणामुळे झालेली नव्हती. ह्या साऱ्या चुका कोणत्याही चांगल्या, काळजीवाहू माणसाच्या हातून झाल्या असत्या. फरक एवढाच की पेटी रिकामी असल्यामुळे त्या वहीत उतरल्या. पेटीत पिल्लू असते तर त्याच्या अंगावर उतरल्या असत्या. साप ओरडत नाही, कण्हत नाही, कुत्र्यासारखा दाराशी येऊन बसत नाही. त्याचे दुखणे आपल्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ज्या प्राण्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या घराची परीक्षा तो येण्याच्या आधी घेणे, हाच त्याच्याशी वागण्याचा प्रामाणिक मार्ग.

पुढची वीस वर्षे

वर्षाच्या शेवटी आम्ही वही वाचली. पेटी आता बरीच सुधारली होती. पण शेवटच्या पानावर त्याने काही प्रश्न लिहून आणले होते, आणि ते पेटीचे नव्हते.

बोआ पिंजऱ्यात वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षांचा होऊन १९७७ साली मेला. मादी सहासात फुटांची होते, आणि तिला निदान सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. उधन्याच्या दोन खोल्यांत ती कोठे मावणार? अखाजीला आणि दिवाळीला सगळे गावी जातात. तेव्हा वीज गेली तर कोण पाहणार? मारून गोठवलेले उंदीर आईच्या भाजीपाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवायचे का? आईने ह्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकले होते, असे तो हसत म्हणाला.

आणि शेवटचा प्रश्न : नाहीच जमले, तर सोडून देता येईल का? ह्याचे उत्तर मात्र ठाम 'नाही' आहे. मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर १९७१ साली काही बोआ सोडले गेले. तेथे ते मूळचे नव्हते. आज ते त्या बेटावर सर्वत्र पसरले आहेत आणि तेथील मूळच्या प्राण्यांना ते जड झाले आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या अरूबा बेटावर १९९९ साली पहिला बोआ आढळला, आणि आता तेथेही तीच कथा. तापीकाठची उष्ण, दमट हवा आणि उसाचे मळे पाहता, परका साप येथे सोडण्याचा प्रयोग कोणी करून पाहू नये. मांडुळाला त्याचे शेत परत देता येते. परदेशी बोआला परत देण्यासारखे येथे काहीच नाही. त्याच्यासाठी ती पेटी हेच आयुष्यभराचे शेत, अरण्य आणि आकाश. म्हणून ती पुरेशी चांगली नसेल, तर साप आणूच नये.

माझ्या धर्मग्रंथाच्या आरंभीच सापाला शाप मिळालेला आहे, आणि माझ्या शेजाऱ्यांच्या घरी श्रावणात त्याची पूजा होते. शाप असो वा पूजा, दोहोंमध्ये खरा साप बाजूलाच राहतो. त्याला ऊब लागते, सावली लागते, पाणी लागते आणि लपायला जागा लागते. ह्या साध्या गोष्टींची आठवण ठेवणे हे त्याच्याविषयीचे भय आणि भक्ती ह्या दोहोंपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

माझ्या विद्यार्थ्याने अजून बोआ घेतलेला नाही. मोठे घर झाल्यावर पाहू, असे म्हणतो. पेटी त्याने मोडली नाही, पण तापमापक काढून मला आणून दिला, आणि तो आता आमच्या वर्गात भिंतीवर आहे. मुले रोज दुपारी ३ वाजता त्याची नोंद करतात. यंदा अखाजीला तो काकांच्या गावी गेला होता. शेताचा बांध खणताना एक मांडूळ बाहेर आले आणि गड्याने कुदळ उचलली. ह्याने ती धरली, आणि सापाला बाजूच्या भुसभुशीत मातीत जाऊ दिले. काकांनी विचारले, "घरी नेत नाहीस काय? लोक पैसे मोजतात म्हणे." तो म्हणाला, "काका, त्याचे घर इथेच आहे."

श्रोतेहो, आपल्या घरातल्या एखाद्या मुलाने उद्या असाच हट्ट धरला, तर त्याच्यावर रागावू नका. ज्याला सरडे पाहण्याची गोडी आहे, ते मूल पुढे काहीतरी चांगले करील. त्याला एवढेच सांगा : आधी पेटी कर, तिची वही ठेव, आणि एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा तिच्यावरून जाऊ दे. मग आपण सापाचे बोलू.